न बोलण्याच्या अटीवर

आमच्या लॉण्ड्रीत अकरा बायका कामाला आहेत आणि बारावी मी, त्यांची मुकादम. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असं सगळं आमच्याकडे मळकं येतं आणि घडी घालून जातं. माझा आवाज मोठा आहे. तो जन्मापासूनच मोठा होता असं आई सांगायची, पण सोळा वर्षं धुलाईच्या यंत्रांवर ओरडून त्याला धार आली. मी घरात नुसतं "मीठ दे" म्हटलं तरी शेजारचे मीठ घेऊन येतात, असं माझा नवरा म्हणतो. त्याच्या म्हणण्याकडे मी फारसं लक्ष देत नाही.

त्या अकराजणींत एक माझी नणंद आहे. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. त्यांचे यजमान गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि आल्या त्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली उतरवून त्यांनी आपल्या मनासारखे लावले. घरात त्या मोठ्या. कांदा कसा चिरायचा, पडदे कधी धुवायचे, मी कोणाशी किती वेळ बोलायचं, हे सगळं त्या ठरवतात. पण सकाळी आठ वाजता लॉण्ड्रीचं दार ओलांडलं की मी मोठी. तिथं त्यांनी कुठल्या टेबलाशी उभं राहायचं ते मी ठरवते. दिवसभर मी त्यांना ऐकवते आणि संध्याकाळी त्या ते सव्याज परत करतात. घरी मला "अगं" म्हणतात, कामावर "मुकादमबाई" म्हणतात, आणि तो शब्द असा उच्चारतात की दाताखाली खडा आला असावा.

एका मंगळवारी चहाच्या सुट्टीत आरोग्य केंद्रातली सिस्टर आमच्याकडे आली. बुटकीशी बाई, खांद्याला कापडी पिशवी, आवाज इतका मऊ की आम्हाला यंत्रांच्या सगळ्या मोटारी बंद कराव्या लागल्या. ती सरळ टॉवेलांच्या गाठोड्यावर बसली आणि सांगू लागली. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होऊ शकतो. तो एका दिवसात होत नाही, त्याला वर्षं लागतात. तपासणी केली तर काही बिघडू लागलंय हे कितीतरी आधी कळतं आणि तिथंच थांबवता येतं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं ती करून घ्यावी. दर गुरुवारी केंद्रात असते, फुकट असते, पाच मिनिटं लागतात.

बायका चहाच्या कपात बघत बसल्या. कपात काहीतरी बुडालंय असं वाटावं इतक्या एकाग्रतेनं.

जाताना सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "या बायका तुमचं ऐकतात, असं दिसतंय."

"ऐकतात कसल्या, मी ऐकवते."

"तेच सांगायचं होतं," ती म्हणाली. "या कामात ऐकवून चालत नाही. आधी विचारायचं, तुला काय वाटतं, कसली धास्ती वाटते. मग गप्प राहून ऐकायचं. आणि तिनं विचारलं, तर मग सांगायचं."

मी मान डोलावली. मला त्यातलं 'सांगायचं' एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबणाच्या रिकाम्या खोक्यावर चढले आणि सांगितलं. "येत्या गुरुवारपासून दोघी-दोघींनी तपासणीला जायचं. जी जाणार नाही, तिला महिनाभर ओले टॉवेल." ओला टॉवेल उचलून ज्याची कंबर धरलेली नाही, त्याला ही धमकी कळायची नाही.

पण कशाचं काय. एकीला सर्दी झाली होती. एकीला नवऱ्याला विचारायला हवं होतं. याआधी नवऱ्याला काय विचारलं होतंस, असं मी म्हटल्यावर तिला आठवेना. आमच्यात एक आहे, तिला आम्ही 'शंभर टक्के' म्हणतो, कारण ती कशालाही "शंभर टक्के येते" म्हणते आणि कधीच येत नाही. ती शंभर टक्के येणार होती. सगळ्यांत तरुण होती ती म्हणाली, "मला काही होतच नाही, तर तपासायचं काय?" मी म्हटलं, "मग चादरीही फाटल्यावरच धूत जाऊ या." उत्तर चांगलं होतं, पण कोणी हसलं नाही.

इस्त्रीच्या रोलरवर जी उभी असते ती रोलरवाली. तिच्या जिभेला हाड नाही. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मुकादमबाई, तुम्ही केलीत का हो?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. माझं वय सेहेचाळीस आणि मी त्या तपासणीच्या जवळपासही फिरकले नव्हते. आजाराची भीती वेगळी, पण मला भीती होती ती अनोळखी माणसासमोर कपडे काढून गुपचूप पडून राहण्याची. ते मला जमणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यातला 'गुपचूप' हा भाग तर अजिबातच. पण अकराजणी माझ्याकडे बघत होत्या.

"केव्हाच," मी म्हणाले. "गेल्या वर्षी."

"कशी असते?"

"काही नाही गं. टेबलावर आडवं व्हायचं. पोटावरून टॉर्चसारखं काहीतरी फिरवतात. एक बटणसुद्धा काढावं लागत नाही. मग यंत्रातून कागद बाहेर येतो आणि आपण घरी."

टोकाच्या टेबलाशी वन्सं उभ्या होत्या. त्यांनी एक अभ्रा तोंडाशी धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, खोकला झालाय. संध्याकाळी गरम पाणी द्यायचं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

शुक्रवारी रोलरवाली कामावर आली ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती गुरुवारी जाऊन आली होती. अख्ख्या लॉण्ड्रीतून ती एकटीच.

"एक बटणसुद्धा काढावं लागत नाही, काय?" ती म्हणाली. "मी बटणं लावून आडवी झाले, मुकादमबाई. पोट पुढं केलं. सिस्टर म्हणाली, हे काय? मी म्हटलं, टॉर्च फिरवा. टॉर्च होता तिथं. पण पोटासाठी नव्हता."

बायका हसल्या. 'शंभर टक्के' तर टॉवेलांच्या ढिगात पडून हसली. वन्सं जमिनीवर बसल्या आणि डोळे पुसत राहिल्या. त्या आठवड्यात मी कोणाला काम सांगितलं की कुठूनतरी "टॉर्च, टॉर्च" असा आवाज यायचा. सोळा वर्षांत कमावलेला दरारा एका टॉर्चनं मातीत घातला.

म्हणून पुढच्या गुरुवारी मी गेले. निम्मी लाजेनं, निम्मी रागानं. तिथं सिस्टरनं मला विचारलं, "कसली भीती वाटते?" मी म्हटलं, "मला कसली भीती," पण आवाज असा निघाला की तो माझा आहे हे मलाच पटेना. ती म्हणाली, "तुम्ही 'थांब' म्हटलंत की मी थांबणार. तुम्ही म्हणेपर्यंत पुढं करणार नाही." मला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी डोळे मिटले. थोडं अवघड वाटलं, थोडा दाब जाणवला आणि झालंसुद्धा. अंगावर त्यांनी दिलेली चादर आमच्याकडचीच होती आणि तिची घडी वाकडी घातली होती, हे माझ्या लक्षात आलं. पण घडी कोणाची ते विचारायची ती वेळ नव्हती.

शुक्रवारी मी खोक्यावर न चढता सांगितलं. "मी खोटं बोलले. केली नव्हती. भीती वाटत होती. काल करून आले. कपडे काढावे लागतात, वरून चादर देतात, लाज वाटते, दुखत फारसं नाही. या बाबतीत यापुढं मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही." एवढं बोलून मी कामाला लागले. गंमत अशी की धमकीनं जी हलली नव्हती, ती एकेक जवळ येऊन विचारू लागली. लाज किती वेळ वाटते? डॉक्टर बाईच असते ना? दोन आठवड्यांत सहाजणी जाऊन आल्या. 'शंभर टक्के' काही न बोलता गेली आणि काही न बोलता परत आली, याची नोंद खरं म्हणजे कुठंतरी व्हायला हवी.

वन्सं तेवढ्या गप्प. मी एकदा विचारलं, "तुम्ही कधी जाणार?" तर म्हणाल्या, "अभ्रे मोजून झाले का, मुकादमबाई?" मला वाटलं, माझा मान राहू नये म्हणून मुद्दाम करताहेत. मला राग आला. तो मला त्यांचा रोजच येतो, पण हा जरा वरचा होता.

रविवारी मी घरचे कपडे धुवायला घेतले. आमच्या धंद्यात पहिला नियम खिसे तपासायचे. लोकांच्या खिशांतून आम्ही किल्ल्या काढल्या आहेत, कवळ्या काढल्या आहेत, एकदा जिवंत पाल काढली आहे. वन्संच्या कामाच्या झग्याच्या खिशात एक कागद होता, घड्या घालघालून नखाएवढा केलेला. मी तो उलगडला. आरोग्य केंद्राचं पत्र होतं. "आपल्या तपासणीचा अहवाल आला असून पुढील तपासणीसाठी लवकरात लवकर येऊन भेटावे." त्याच्या आत दुसरं पत्र, तोच मजकूर. पहिल्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

आधी मला संताप आला. म्हणजे या बाईनं आम्हा सगळ्यांच्या आधी तपासणी करून घेतली होती. म्हणजे मी टॉर्चची कथा सांगत होते तेव्हा तोंडाशी धरलेल्या अभ्र्यामागं खोकला नव्हता. मग मी पत्र पुन्हा वाचलं आणि टबाच्या काठावर बसले. चार महिने. चार महिने ही बाई माझ्यासमोर जेवली, माझ्या कांद्याला नावं ठेवत राहिली आणि हा कागद खिशात घेऊन फिरली. मला एकदम फार भीती वाटली. स्वतःच्या तपासणीच्या वेळी वाटली त्याच्या दसपट. रोज राग येतो ते खरं, पण वन्सं नसलेलं घर मला नको होतं.

मी तरातरा त्यांच्या खोलीकडं निघाले. दारापर्यंत गेलेसुद्धा. वन्सं आत माझ्या नवऱ्याच्या शर्टाची कॉलर उसवून उलटी लावत बसल्या होत्या, चष्मा नाकावर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. घरात मी धाकटी. इथं मी ओरडले असते तर त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं असतं आणि तो विषय कायमचा संपला असता. मी परत फिरले आणि कपडे दोनदा खळबळले.

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. प्रत्येकीनं दोन टोकं धरायची, चार पावलं मागं जाऊन ताणायची, झटकायची, मग चालत जवळ यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. पुन्हा मागं, पुन्हा जवळ. एका चादरीला तीन वेळा समोरासमोर. यंत्रांचा आवाज एवढा असतो की जवळ आल्यावरच एकमेकींचं ऐकू येतं. म्हणजे दर खेपेला एक वाक्य, फार तर दोन. मला याची कधी अडचण झाली नव्हती, कारण मी लांबूनही ओरडते. पण सोमवारी मी वन्संच्या जोडीदारणीला टॉवेलांकडे पाठवलं आणि चादरीचं दुसरं टोक स्वतः धरलं, तेव्हा ओरडायची सोय नव्हती. बोलायचं होतं ते दहाजणींनी ऐकायचं नव्हतं.

पहिल्यांदा जवळ आलो तेव्हा मी म्हणाले, "पत्रं सापडली."

वन्संनी माझ्या हातातली टोकं घेतली आणि मागं गेल्या. पुन्हा जवळ आल्या. "खिसे तपासायला कोणी सांगितलं होतं?"

"सवय."

पुढच्या चादरीला माझ्याकडे अख्खं भाषण तयार होतं. तुम्ही स्वतःला समजता काय इथपासून सुरू होणारं. पण मला आधी चार पावलं मागं जावं लागलं आणि तेवढ्यात सिस्टरचं बोलणं आठवलं, या वेळी पहिल्यापासून. जवळ आल्यावर मी विचारलं, "कसली भीती वाटते, वन्सं?"

मी आयुष्यात कोणाला असं काही विचारलं नव्हतं. वाक्य दुसऱ्याच कोणाचं तरी मागून आणल्यासारखं वाटलं.

वन्सं मागं गेल्या. जवळ आल्या. "तुला काय करायचंय?"

"ऐकायचंय."

याचा त्यांना एवढा धक्का बसला की त्यांच्या हातून एक टोक निसटलं.

मग चार चादरी आम्ही एक शब्द न बोलता घातल्या. बोलून मी कधी दमले नाही, पण त्या चार चादरींनी मला घाम फोडला. पाचव्या चादरीला वन्संनी विचारलं, "परत आलेल्या मालाचं काय होतं, मुकादमबाई?"

"लाल टाका," मी म्हणाले. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. चादर नीट धुतली गेली नाही, डाग राहिला, तर तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घालायचा आणि पुन्हा धुवायला टाकायची.

"आणि दुसऱ्यांदा परत आली तर?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. दुसऱ्यांदाही डाग तसाच असेल तर आम्ही ती फाडतो आणि फरशी पुसायची फडकी करतो. मी तोंड उघडलं आणि माझे हात जिथल्या तिथं थांबले.

"मला दोन पत्रं आली आहेत," वन्सं म्हणाल्या. त्या मागं गेल्याच नाहीत, चादर आमच्या दोघींच्या मध्ये लोंबत राहिली. "प्रेशर तपासायला गेले होते, सिस्टरनं विचारलं, मी हो म्हटलं. मला कुठं ठाऊक होतं परत बोलावतील. एकदा परत बोलावलं म्हणजे डाग आहे. आता गेले तर सांगतील, हा निघायचा नाही. मग फाडा. आठ वर्षं मी हेच करते, मला शिकवू नकोस."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. 'वन्सं, तुम्ही काय चादर आहात?' हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. चांगलं वाक्य होतं. मी ते गिळलं.

"अजून काय वाटतं?" मी विचारलं.

त्या मागं गेल्या. जवळ आल्या. "तुझ्या नवऱ्याला कळलं तर तो जेवायचा नाही. लहानपणी मला ताप आला की हा उपाशी." मागं गेल्या. पुन्हा जवळ आल्या. "मला वाटलं, गेलेच नाही तर कोणालाच कळायचं नाही. मलासुद्धा."

पलीकडून रोलरवाली बघत होती. मुकादमबाई तोंड मिटून घडी घालतेय हे तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. आणखी दोन चादरी झाल्या आणि वन्संनी खालच्या आवाजात विचारलं, "पण खरंच, परत बोलावतात ते कशाला?"

म्हणजे त्यांनी विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी विचारलं, आणि मला नक्की उत्तर माहीत नव्हतं. दुसरी वेळ असती तर मी तिथल्या तिथं रचलं असतं.

"तुमचं नक्की काय ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

"तुला माहीत नाही?"

"नाही. माझ्या तपासणीच्या वेळी सिस्टर म्हणाली होती, कधीकधी नमुनाच नीट मिळालेला नसतो. कधी थोडं काहीतरी बिघडायला लागलेलं असतं, ते वेळेवर काढता येतं. तुमचं काय ते तिथंच विचारायला लागेल." मी मागं गेले, जवळ आले. "मी बरोबर येऊ?"

वन्संनी दोन चादरी विचार केला. मग म्हणाल्या, "ये. पण बोलायचं नाही. घरून निघालो की परत घरी येईपर्यंत एक शब्द नाही."

"एकही नाही?"

"आत्तापासून सवय कर."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. बसच्या थांब्यावर शेजारीण भेटली, तिनं विचारलं कुठं निघालात. मी नुसती हसले. तिनं माझ्या गालाकडं बघितलं आणि "दाढ का? फार दुखते हो," म्हणून मला लवंग ठेवायचा सल्ला दिला. मी मान हलवली. बसमध्ये एक माणूस माझ्या पायावर उभा राहिला आणि मी त्याला काहीही म्हटलं नाही. हे आजही माझ्या मनाला लागून आहे.

केंद्रात खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "तपासणी कोणाची?" मी बोटानं दाखवलं. "नाव? पत्ता?" मी पुन्हा बोटानं दाखवलं. त्यानं वन्संकडं बघून हळू आवाजात विचारलं, "यांना बोलता येत नाही का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "नऊ वर्षं मागत होते, आज मिळालं."

सिस्टरनं पत्रं बघितली. चार महिने कुठं होतात, असं तिनं विचारलं नाही. "आलात, बरं झालं," म्हणाली आणि आम्हाला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी काही पेशी बदलायला लागल्या आहेत. हा कॅन्सर नाही. तसंच राहू दिलं तर पुढं काही वर्षांनी होऊ शकतो. म्हणून भिंगातून नीट बघायचं, आणि छोटीशी जागा असली तर ती आजच शेकून काढायची.

"काही विचारायचंय?" त्या म्हणाल्या.

माझ्याकडे सात प्रश्न होते. ते सातही घशाशी गर्दी करून उभे होते. मी रुमालाचं टोक दातांत धरलं.

वन्संनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच विचारलं, "आणि निघण्यासारखं नसलं तर? मग माझं काय करणार?"

"खराब असेल तेवढं काढायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाई ठेवायची."

वन्सं उठल्या आणि पडद्याआड गेल्या.

मी पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसले. आत ट्रेमध्ये काहीतरी वाजलं. सिस्टर हळूहळू काहीतरी सांगत होती.

"अगं," पडद्यामागून वन्सं म्हणाल्या.

मी गप्प. अट म्हणजे अट.

"अगं, आहेस ना?"

मी पाय जमिनीवर आपटला.

"बोल काहीतरी." त्यांचा आवाज बारीक झाला होता. तो मी ओळखला, कारण त्याच टेबलावर माझाही तसाच झाला होता. "घरी तर थांबत नाहीस. आता बोल म्हणते तर बोल की."

आणि मला शब्द सुचेना. ते सातही प्रश्न कुठं पळाले कोणास ठाऊक. मी तोंड उघडलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाले, "वन्सं, घरात मला टोकणारं दुसरं कोणी नाही. तुमचा भाऊ तर सगळ्यालाच 'बरं' म्हणतो. तुम्ही नसलात तर मी भांडायचं कोणाशी? मला तुम्ही पाहिजे आहात." पुढं काही बोलता येईना आणि मी रडायला लागले. माझं रडणंही मोठ्या आवाजाचंच आहे.

"बाहेर कोण रडतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमची मुकादम आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "तुम्ही तुमचं काम करा."

पंधरा-वीस मिनिटांनी पडदा सरकला. वन्सं कपडे नीट करत बाहेर आल्या आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी माझ्या हातातला रुमाल घेतला, त्याचा कोरडा कोपरा शोधून स्वतःचे डोळे पुसले आणि मला परत दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जागा छोटी होती, तेवढी काढली. थोडे दिवस अंगावरून पाण्यासारखं जाईल, घाबरू नका. एका वर्षानं परत यायचं.

'परत' म्हटल्यावर मी वन्संकडं बघितलं. त्यांची मान ताठ होती.

"तारीख लिहून द्या," त्या म्हणाल्या. "मी येईन. आणि हिलाही आणेन. हिला फार भीती वाटते."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण या बाबतीत खोटं बोलणार नाही असं मी सगळ्या बायकांना सांगून बसले होते.

"हो," मी म्हणाले. "वाटते."